तंजावरचे व्याही

अहो वहिनी, तोडा की हवा तेवढा कढीपत्ता. झाड आमचं असलं तरी वाढलंय सगळं तुमच्याच बाजूला. पण आधी मला एक सांगा. 'मद्रासी सून आणताहेत' असं काल भजनी मंडळात कोण म्हणत होतं? नाव नको, मला अंदाज आहे. आमच्या जाऊबाईंच्या धाकट्याचं ठरलं, हे खरं. मुलगी चेन्नईत वाढली, हेही खरं. पण मद्रासी कुठली हो, मराठी आहेत ते! तंजावरचे. घरात बोलणं मराठीत, देवघरात खंडोबाचा टाक, आणि हे सगळं तमिळ मुलखात साडेतीनशे वर्षं राहून. आपली पोरं पुण्याला हॉस्टेलात जातात आणि दिवाळीला घरी येतात ती 'क्या यार' करत.

साखरपुडा त्यांच्या गावी झाला, म्हणून तंजावर बघायला मिळालं. सहलवाल्यांच्या पत्रकात तंजावर म्हटलं की ठरलेलं असतं बघा: मोठं देऊळ, मान डोलावणारी बाहुली, सोन्याचा वर्ख लावलेली बाळकृष्णाची चित्रं, की निघाली बस मदुरेला. देऊळ बघावं असंच आहे, त्यात वाद नाही. राजराज चोळानं १०१० च्या सुमाराला पुरं केलं, सगळं ग्रॅनाइटचं, शिखर २०० फुटांच्या वर. शिखराची सावली जमिनीवर पडत नाही म्हणतात, ते मात्र मनावर घेऊ नका. चांगली ऐसपैस पडते, मी तिच्यातच टेकले होते.

पण मला खरा धक्का दिला तो देवळाच्या भिंतीनं. भिंतीवर मराठी! तमिळ शिलालेखांच्या गर्दीत आपली अक्षरं. १८०३ साली दुसऱ्या सरफोजीराजांनी भोसले घराण्याची अख्खी कुळकथा दगडावर कोरून घेतली, बाबूराव नावाच्या चिटणिसानं लिहिलेली. वाचतावाचता मान दुखते एवढी लांब. आमचे हे चष्मा पुसून पुसून एकेक ओळ लावत होते, तर तिथल्या रखवालदाराला वाटलं, यांचं काहीतरी हरवलंय.

तर हे भोसले तिथवर पोचले कसे? भाऊबंदकी, दुसरं काय! शहाजीराजांना तुकाबाईंपासून झालेले व्यंकोजीराजे, म्हणजे शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ, ते आदिलशहाच्या चाकरीत. तंजावरला नायकांचं राज्य होतं, ते मदुरेच्या नायकांनी गिळलं. मग तंजावरच्या नायकाचा वारस विजापूरकडे गेला, म्हणाला, माझं घर मला परत मिळवून द्या. आदिलशहानं व्यंकोजीराजांना धाडलं. त्यांनी मदुरेकरांना हुसकलं, वारसाला गादीवर बसवलं, आणि थोड्याच दिवसांत, १६७५-७६ कडे, आपणच गादीवर बसले. भांडण सोडवायला गेलेला माणूस घरातच राहिला. हसू नका, आपल्या मागच्या गल्लीतल्या वाड्याचं काय झालं, ते आठवा. असो.

पुढे १६७७ मध्ये महाराज दक्षिणेच्या स्वारीवर गेले, तेव्हा दोघे भाऊ तिरुमलवाडीला भेटले. मानपान झाला, जेवणखाण झालं, आणि मग महाराजांनी विषय काढला: वडिलांच्या मिळकतीतला अर्धा वाटा. व्यंकोजीराजे हो म्हणेनात, नाही म्हणेनात. एका रात्री गुपचूप उठले आणि नदी ओलांडून तंजावरला निघून गेले! बघा म्हणजे. वाटणीचा विषय निघाला की उठून जायचं, ही रीत किती जुनी आहे. मग लढाईही झाली, आणि त्यात व्यंकोजीराजांची बाजू पडली.

मिटवलं कुणी, ते ऐका. त्यांच्या बायकोनं, दीपाबाईंनी. रघुनाथपंत हणमंते म्हणून कारभारी होते, आधी व्यंकोजीराजांकडेच, पण बिनसलं म्हणून महाराजांकडे गेलेले. दीपाबाईंनी नवऱ्याला समजावलं, याच पंतांना मध्ये घालायला लावलं, आणि तह झाला. आणि त्या तहात महाराजांनी या भावजयीला चोळी-बांगडीसाठी काय दिलं असेल? बंगळूर! आसपासच्या मुलखासकट. हो हो, तेच बंगळूर, जिथे तुमचा भाचा दोन खोल्यांचं एवढं भाडं भरतो. आम्हाला चोळी-बांगडीला ब्लाउजपीस मिळतो, तोसुद्धा फिरत आलेला.

हरल्यावर व्यंकोजीराजांचं मन कशात लागेना, विरक्तीच्या गोष्टी करायला लागले. तेव्हा महाराजांनी पत्र धाडून कानउघाडणी केली, की वैराग्य म्हातारपणी करा, आता हातात काम घ्या. वाटा मागणारा भाऊ तोच आणि धीर देणाराही तोच. मला तर इतिहासाच्या पुस्तकातल्या लढायांपेक्षा हेच जास्त पटतं.

जरा हळू बोला, भाऊजी आत आहेत का? मग हे त्यांना आत्ताच सांगू नका. व्यंकोजीराजांचे चिरंजीव शहाजीराजे, आजोबांचंच नाव ठेवलेलं. १६८४ ते १७१२ राज्य केलं. विद्वानांचं भारी वेड. शेहेचाळीस पंडितांना गाव इनाम देऊन बसवलं. स्वतः नाटकं लिहायचे, तेलुगूत आणि मराठीत. संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी, हिंदी अशा पाच भाषांचं मिळूनही एक नाटक आहे त्यांचं. आणि त्यांच्याच नावावर 'लक्ष्मीनारायण कल्याण' म्हणून मराठी नाटक आहे, १६९० च्या सुमाराचं. आता मोजा. आपल्या सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं १८४३ ला. ५ नोव्हेंबरला आपण रंगभूमी दिन करतो, भाऊजी जरीचा फेटा बांधून पुढच्या खुर्चीत बसतात, आणि मराठी नाटक दीडशे वर्षं आधीच तंजावरात होऊन गेलेलं!

मुलीच्या आजोबांनी हे भर पंगतीत काढलं. आमच्या ह्यांचा घास तोंडातच राहिला. सांगलीचा माणूस, आणि व्याह्यांच्या घरी, बोलणार काय? मी म्हटलं, आजोबा, तुमचं नाटक राजवाड्यात झालं आणि पोथीत जाऊन बसलं. भाव्यांचंही पहिलं नाटक सांगलीच्या राजेसाहेबांच्या, चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानंच झालं, पण चिंतामणराव गेल्यावर भावे मंडळी घेऊन गावोगाव हिंडले, १८५३ ला मुंबईत तिकीट लावून खेळ केले. लोकांनी पदरचे पैसे मोडून बघितलं, ते आमचं. आजोबा हसले. म्हणाले, बरोबर, पण भाव्यांना हे सुचलं कशावरून? कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीला झाले, ते बघून राजेसाहेब म्हणाले ना, असं काही मराठीत करा? म्हणजे फिरून दक्षिणच आली. यावर मला काही बोलता येईना. भात घेतला आणखी.

हे आजोबा म्हणजे माणूस बघण्यासारखा. आडनाव राव. तिकडे सगळेच राव, कुलकर्णी-देशपांडे मागे कुठे गळून पडलं कुणाला ठाऊक. मराठी बोलतात ती आपल्याला सगळी समजते, पण हेल तमिळ. म्हणून पहिली दहा मिनिटं कान लावावा लागतो. जाऊबाईंना आजींचं एक वाक्य कळलं नाही, तर त्या हिंदीत बोलायला लागल्या. आजींनी शांतपणे सांगितलं, मला हिंदी येत नाही, मराठीत बोला.

पण माझा जीव खरा जडला तो त्या दुसऱ्या सरफोजीराजांवर. दत्तक मुलगा, १७७७ चा जन्म. तंजावरच्या तुळजाराजांनी मरायच्या आधी त्याला मांडीवर घेतलं, आणि मरताच त्यांचा सावत्र भाऊ अमरसिंग उठला, दत्तकविधान शास्त्राला धरून नाही म्हणाला. पंडितांना विचारलं, पंडित म्हणाले, नाही धरून. अमरसिंग गादीवर. पुढे दुसऱ्या पंडितांना विचारलं, ते म्हणाले, आहे धरून. शास्त्र तेच बरं का! मधल्या काळात पोराचे हाल झाले असते, पण श्वार्ट्झ नावाचा एक जर्मन पाद्री होता, त्यानं त्याला सांभाळलं, मद्रासला नेलं, इंग्रजी शिकवलं. १७९८ ला पोरगा राजा झाला आणि त्याच साली पाद्री वारला. सरफोजीराजांनी लंडनहून फ्लॅक्समन नावाच्या शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक करवून आणलं. चर्चमध्ये आहे. पाद्री अंथरुणावर पडलाय आणि हा पगडीवाला मराठा राजा त्याचा हात धरून उभा आहे. धर्म नाही बदलला हं त्यांनी, शेवटपर्यंत शिवभक्त. काशीयात्रासुद्धा केली, हजारोंचा लवाजमा घेऊन.

आता राजा झाला, पण राज्य कुठे होतं? १७९९ च्या तहानं कारभार गेला इंग्रजांच्या कंपनीकडे. उरलं काय, किल्ला, थोडा आसपासचा भाग आणि तनखा. अशी पेन्शन घेऊन बसलेली माणसं आपल्या कॉलनीत थोडी नाहीत. सकाळी फिरायला जातात, दुपारी पेपरातल्या चुका काढतात. या माणसानं काय करावं? नायकांच्या वेळचा पोथ्यांचा संग्रह होता, तो वाढवून वाढवून सरस्वती महाल उभा केला. आज तिथे चाळीस हजारांच्या वर हस्तलिखितं आहेत. तमिळ, तेलुगू, संस्कृत, आपली मोडीची दप्तरंच्या दप्तरं. १९१८ पासून सगळ्यांना खुलं आहे. छापखाना काढला १८०५ ला, देवनागरी खिळे पाडले, आणि इसापच्या गोष्टी मराठीत करून 'बाळबोध मुक्तावली' म्हणून छापल्या. आपल्याकडे मराठी छापखाने रुळायला अजून अवकाश होता.

आणि दवाखाना म्हणा, संशोधन म्हणा, त्याचं नाव धन्वंतरी महाल. देशी वैद्य आणि युरोपी औषधं एका छपराखाली. डोळ्यांच्या रोग्यांची टिपणं आहेत तिथली. कुणाला काय झालं, काय केलं, आणि शेजारी त्या डोळ्याचं रंगीत चित्र. आमच्या ह्यांच्या मोतिबिंदूच्या वेळी डॉक्टरांनी मला एक कागद धड दाखवला नाही. दोनशे वर्षांपूर्वीच्या रोग्याचा डोळा मात्र मी काचेतून नीट बघितला.

या राजाला सगळ्याचीच हौस. नेपोलियन पडला, तर याला आनंद! इंग्रजांना खूश करायला असेल, पण समुद्रकाठी आठ मजली मनोरा बांधला १८१४-१५ कडे आणि त्यावर पाच भाषांत लेख, त्यातली एक मराठी. कुठे फ्रान्स, कुठे तो किनारा. आणि मुक्तांबाळ नावाची त्याची एक आवडती बाई होती, लग्नाची नव्हे. ती गेली तेव्हा तिच्या नावानं ओरत्तनाडला मोठं छत्र बांधलं. छत्र म्हणजे रामेश्वरच्या वाटेवरची धर्मशाळा, येणाऱ्याला जेवण, निवारा, पोरांना शाळा. लोक तोंड वाकडं करणारच, तेव्हाही केलं असेल. पण जेवून गेले ना हजारो?

वहिनी, आता हे ऐका, यासाठीच मी तुम्हाला मघाशी थांबवलं. मी जन्मभर सहावी-सातवीला भूगोल शिकवला. नकाशा टांगायचा, छडी फिरवायची, आफ्रिकेपर्यंत पोचेतो मागचा बाक झोपलेला. या सरफोजीराजांनी भूगोलाचं नाटक लिहिलंय. मराठीत! 'देवेंद्र कुरवंजी' नाव त्याचं. कुरवंजी म्हणजे डोंगरातली हात बघणारी बाई. तमिळ मुलखात अशा नाटकांचा एक ठरलेला साचाच आहे. नायिका विरहानं झुरत बसलेली, ही बाई टोपली घेऊन येते, मी अमक्या डोंगरावरून आले, तमक्या देशात हिंडले, असं गाऊन सांगते, मग हात बघते आणि म्हणते, येईल गं तुझा राजा. सरफोजीराजांनी काय केलं, ते जे मधलं हिंडल्याचं सांगणं असतं ना, ते फुगवलं. बाई गायला लागते आणि गाण्यातून अख्खी पृथ्वी येते: खंड, देश, शहरं, नद्या. आपले डोंगर सांगतासांगता युरोप, अमेरिकासुद्धा.

युक्ती बघा. राजानं स्वतः सभेत उभं राहून 'पृथ्वी अशी आहे' म्हटलं असतं, तर शास्त्रीबुवांनी पुराणातली सात द्वीपं काढली असती, दुधाचा समुद्र काढला असता, वाद लागला असता. कुरवंजीला कोण अडवणार? ती सगळीकडे हिंडलेली असते, हे प्रेक्षकांनी आधीच धरलेलं. तिनं पाहिलं म्हटलं की पाहिलं. पुस्तकात वाचलेलं कुणी सांगितलं तर माणसं शंका काढतात, आणि दारावर आलेली बोहारीण परगावची बातमी सांगते, तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतात. मास्तरकी मी केली, पण मास्तर खरा तो राजा. मला हे नाटक वर्गात करता आलं असतं तर! टोपली घेऊन एक पोरगी, बाकीच्या झुरायला. कुणी झोपलं नसतं.

पोरांचं राहू दे, भजनी मंडळात तरी सांगू या का? कारण तिकडच्या हरिकथेत आपल्या कीर्तनाचे पुष्कळ धागे आहेत. महाराष्ट्रातले बुवा तंजावरला जायचे, ते बघून तंजावर कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला नवी घडण दिली, आणि त्यात आपली साकी, दिंडी, ओवी, अभंग जाऊन बसले. साखरपुड्याच्या संध्याकाळी एका मामींनी तुकोबांचा अभंग म्हटला, पण राग कर्नाटकी, आणि ताल मांडीवर असा मोजत, की मी टाळी कुठे द्यायची तेच मला कळेना. सरफोजीराजांच्या दरबारात चार भाऊ होते, चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू. आजच्या भरतनाट्यमचा क्रम त्यांनी बांधला, आणि आपण ज्याला कर्नाटक संगीतातलं व्हायोलिन म्हणतो, ते रुळवण्यात वडिवेलूचा हात होता.

शेवट मात्र वाईट झाला हो. सरफोजीराजांचा मुलगा, त्याचंही नाव शिवाजी, १८५५ ला वारला आणि मागे मुलगा नाही. इंग्रजांचा लाटसाहेब डलहौसी टपलेलाच. गादी खालसा केली ती केली, खासगी दागदागिने, पोथ्या, सगळ्याला कुलूप. तेव्हा राणी कामाक्षीबाईंनी कंपनीवर दावा लावला. मद्रासच्या कोर्टात जिंकल्या! पण प्रिव्ही कौन्सिलनं १८५९ ला उलटवलं. म्हणे हे सरकारचं राजकीय कृत्य, यात कोर्टाला हात घालता येत नाही. म्हणजे चोरी पुरेशी मोठी असली की ती चोरी राहत नाही.

आणि तरी तंजावरकडच्या मुलींना स्थळं काय येत होती बघा. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड, त्यांची पहिली बायको तंजावरची. मोहित्यांची लक्ष्मीबाई, सासरी चिमणाबाई झाली. १८८० ला लग्न. त्या वेळी बडोद्याचे दिवाण होते टी. माधवराव, जन्म कुंभकोणमचा, तंजावरकडचेच मराठी. त्रावणकोर, इंदूर करून बडोद्याला आलेले. स्थळ कुणाच्या नजरेत आधी भरलं असेल, मी काही सांगत नाही, तुम्ही समजून घ्या. आणि नवरीबरोबर आंदण म्हणून काय गेलं? नाचणाऱ्या-गाणाऱ्यांचा अख्खा ताफा! त्यामुळं बडोद्यात तंजावरचं नृत्य पोचलं, भरतनाट्यम हे नाव रूढ व्हायच्या कितीतरी आधी. बिचारी लवकर गेली, पाचेक वर्षांचाच संसार झाला. पण बडोद्यात तिच्या नावाचा घड्याळाचा मनोरा अजून आहे.

आमच्याकडे काय येणार म्हणता? काही नाही हो, जाऊबाईंनी स्पष्ट सांगितलंय, देण्याघेण्याचं नाव काढायचं नाही. आजींनी फक्त पाककृतींची वही सुनेच्या पिशवीत घातली आहे. 'शरभेंद्र पाकशास्त्र' म्हणून सरफोजीराजांच्या मुदपाकखान्यातल्या पदार्थांची पोथी सरस्वती महालात आहे, ती वेगळी. ही घरची. त्यात रसवांगी आहे, आणि डांगर आहे, तेच आपलं उडदाच्या पिठाचं, पण दह्यात कालवून. मी खाल्लं, चांगलं लागतं. तिकडचे तमिळ लोकसुद्धा हे आपलेच पदार्थ म्हणून खातात.

आणि हो, सांबाराची ती गोष्ट. संभाजीराजे तंजावरला पाहुणे आले, आमटीला आमसूल नव्हतं, चिंच घातली, आणि पाहुण्यांच्या नावावरून सांबार झालं म्हणे. तुम्ही मोबाइलवर वाचलं असेलच, कॉलनीच्या ग्रुपवर कुणीतरी महिन्याला एकदा टाकतंच. मी आजोबांना विचारलं. म्हणाले, ना तारीख, ना कागद, आमच्या घरी कुणी मानत नाही. मग मीही सोडून दिलं. राजाला शोभेल अशा खऱ्या गोष्टी एवढ्या असताना डाळीवर कशाला हक्क सांगायचा?

लग्न इथेच आहे, तुळशीचं लग्न झाल्यावर. तुम्ही दोघांनी यायचंच, पत्रिका घेऊन येते मी. आणि भाऊजींना एवढंच सांगा, मुलीचे आजोबा आदल्या दिवशी येणार आहेत आणि भावे नाट्यमंदिर बघायचं म्हणालेत. दाखवायला दुसरं कोण नेणार? १६९० वाले आणि १८४३ वाले एका रिक्षात बसवून देते मी. तुम्ही मात्र मध्ये पडू नका. रिक्षावाल्याला तेवढं आधीच सांगून ठेवा, की भाडं दोघेही देऊ बघतील, त्यानं आजोबांचं घ्यायचं नाही.